गंडिपेट आणि घरचं गाळणं

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात भविष्यनिर्वाह निधीचं प्रादेशिक कार्यालय आहे, आणि त्याच्या आसऱ्याने झेरॉक्स, स्कॅन, ऑनलाइन फॉर्म अशी कामं करणारी दुकानं जगतात. कुणाला दावा भरायचा असतो, कुणाला नामांकन, कुणाला हयातीचा दाखला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका दुकानातून मी पेन ड्राइव्ह परत घेतला. घरी येऊन पाहतो तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाची, त्याच पिवळ्या चित्राची एक ईएक्सई फाइल, वर नवीन पाहुणा 'न्यू फोल्डर.ईएक्सई'. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "हौ साहेब, सगळ्यांच्यातच येतंय ते. फॉरमॅट मारा." त्याच्या मशीनवर अँटिव्हायरस होता. तो क्रॅक केलेला होता, आणि त्याची मुदत संपल्याची पाटी कोपऱ्यात रोज झळकायची. दुकानदार ती पाटी रोज बंद करायचा.

त्या काळात हा रोग इतका पसरला होता, कारण विंडोजला एक सवय होती. पेन ड्राइव्ह लावला की त्यातली 'ऑटोरन' नावाची छोटी फाइल वाचायची आणि ती सांगेल ते चालवायला निघायचं. ही सोय मुळात सीडीसाठी केलेली. सीडी कारखान्यातून येते, पेन ड्राइव्ह शेजारच्या खिशातून येतो, हा फरक सिस्टिमला कळत नव्हता. नोव्हेंबर २००८ पासून जगभर धुमाकूळ घालणाऱ्या कॉन्फिकर या वर्मनेही ही वाट वापरली होती. आणि मग एक दिवस हा रोग ओसरला. अँटिव्हायरस अचानक हुशार झाले असं काही नाही. २००९ च्या विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हपुरती ही सवय काढून टाकली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये तोच बदल एक्सपी आणि व्हिस्टाच्या मशीनांवर अपडेटमधून पोचवला. आमच्या दुकानदाराने काहीच केलं नव्हतं. त्याची ती मुदत संपल्याची पाटीसुद्धा तशीच होती.

ऑपरेटिंग सिस्टिममध्येच दुष्ट प्रोग्रामांपासून संरक्षण असावं की नाही, हा वाद जवळजवळ घरगुती संगणकाइतकाच जुना आहे. तो वाद मला नेहमी या ऑटोरनच्या गोष्टीतून दिसतो. 'संरक्षण' या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या वस्तू दडलेल्या आहेत. एक म्हणजे दारावर बसवलेला पहारेकरी, चोरांचे फोटो हातात घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याचा चेहरा पाहणारा. दुसरी म्हणजे घराची भिंत, कडी, कोयंडा. वादात लोक पहिल्याबद्दल बोलतात आणि निकाल बहुतेक वेळा दुसऱ्याने लागतो.

सुरुवातीला ना भिंत होती ना पहारेकरी. डॉसच्या जमान्यात कुठलाही प्रोग्राम मेमरीच्या कुठल्याही कोपऱ्यात लिहू शकत असे, डिस्कच्या पहिल्या सेक्टरवरही. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या दोन अल्वी बंधूंनी केलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस फ्लॉपीच्या त्याच पहिल्या सेक्टरमध्ये बसला. १९९० मध्ये आपल्याकडे सापडलेला 'जोशी'ही तिथेच बसायचा. ५ जानेवारीला तो मशीन अडवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावी. टाइप केलं की सोडून देई. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी तो मेमरीत टिकून राही. हा जोशी कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा सक्तीने वसूल करण्याची कल्पना कुठल्या तरी आपल्याच माणसाची असणार, असं मला राहून राहून वाटतं.

संरक्षण आतच हवं, हा विचार मायक्रोसॉफ्टला २०१२ मध्ये, विंडोज ८ च्या वेळी, सुचला अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. मार्च १९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६.० सोबत एक अँटिव्हायरस मिळत होता, सेंट्रल पॉइंट नावाच्या कंपनीकडून परवान्यावर घेतलेला. तो फसला. व्हायरसांची यादी डिस्कबरोबर एकदा आली की तिथेच गोठायची आणि नवी यादी वेगळी मागवावी लागायची. इंटरनेट घरोघर नव्हतं. रोज नवे चोर येत होते आणि पहारेकऱ्याच्या हातात मागच्या वर्षीचे फोटो. विंडोज ९५ आली तेव्हा तो पहारेकरी गायब होता, आणि त्या मोकळ्या जागेवर पुढची पंधरा-सतरा वर्षं एक अख्खा व्यवसाय उभा राहिला.

त्या व्यवसायाचं आपल्या भाषेतलं रूप पुण्यात घडलं. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले आणि पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत सुटे भाग ठीक असत आणि व्हायरस भरलेले असत. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय त्यावर उतारे लिहू लागले, आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत सीटीसीत, मशीन जोडून घेताना बिलावर रॅम, हार्ड डिस्क, यूपीएस आणि मग अँटिव्हायरस अशी ओळ ठरलेली असे. विंडोजसाठी मात्र ओळ नसे. ती 'टाकून दिली' जायची. म्हणजे घर चोरीचं आणि पहारेकरी पगारी.

हे विनोदी वाटेल, पण या प्रश्नाचं भारतातलं खरं रूप तिथेच आहे. ज्या मशीनवर विंडोज क्रॅक केलेलं, त्यावर अपडेट चालू ठेवायला मालक घाबरतो, कारण अपडेट आलं की पडदा काळा होईल. म्हणून सीटीसीतला पोरगा अपडेट बंद करूनच मशीन हातात देतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' फुकट दिलं, पण त्यासाठी विंडोज अस्सल असावं लागे. ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज, तोच दाराबाहेर.

मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने काय केलं हे थोडक्यात सांगतो. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षिततेला पहिलं स्थान द्यायला सांगितलं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने एक्सपीची मशीनं पुन्हा पुन्हा बंद पाडली, आणि वर्षभरात आलेल्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू झाली. दरम्यान कंपनीने २००३ मध्ये रुमानियातल्या एका कंपनीचं अँटिव्हायरस तंत्रज्ञान आणि २००४ च्या अखेरीस एक अँटिस्पायवेअर कंपनी विकत घेतली. २००६ मध्ये 'वनकेअर' नावाने वर्षाचे पैसे लावून सुरक्षा विकून पाहिली, ते चाललं नाही. मग फुकट इसेन्शियल्स, आणि अखेर ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ मध्ये डिफेंडर हा पुरा अँटिव्हायरस सिस्टिमच्या आतच आला. सुरुवातीला त्याची चेष्टाच झाली. इसेन्शियल्सने त्याच सुमारास एव्ही-टेस्ट या जर्मन प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र गमावलं होतं. २०१९ च्या मध्यावर त्याच प्रयोगशाळेत डिफेंडरला पूर्ण गुण मिळाले. सात वर्षांत नापास विद्यार्थी पहिल्या बाकावर.

यावर आक्षेप घेणारे अर्थात अँटिव्हायरस विकणारे होते, पण म्हणून त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये मॅकाफीने लंडनच्या फायनान्शियल टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन व्हिस्टाच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) शिरायची वाट मायक्रोसॉफ्टने बंद केल्याची तक्रार केली. सिमँटेकही त्या भांडणात होतं. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की गाभ्यात कुणीच शिरू नये, मित्रानेही नाही, कारण मित्राच्या वाटेने शत्रूही येतो. विरोधकांचं म्हणणं असं की मग तुम्ही स्वतः कसे शिरता? २०१७ मध्ये कॅस्परस्की अशाच तक्रारी घेऊन युरोपीय आयोगाकडे गेलं: विंडोजचं नवं रूप आलं की आमचा अँटिव्हायरस काढून टाकून डिफेंडर चालू केला जातो. मायक्रोसॉफ्टने पद्धत बदलायचं मान्य केलं तेव्हा ऑगस्टमध्ये तक्रार मागे घेतली गेली.

या भांडणात एक अवघड सत्य आहे, ते दोन्ही बाजूंना नकोसं वाटतं. फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकात गणिताने दाखवून दिलं की कुठलाही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारा सर्वज्ञ प्रोग्राम बनवताच येत नाही. म्हणजे पहारेकरी कितीही हुशार असो, कधी चोराला आत सोडेल, कधी पाहुण्याला पकडेल. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकाफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या स्वतःच्याच एका आवश्यक फाइलला चोर ठरवलं आणि जगभरची मशीनं बंद पडत राहिली. पहारेकरी घरचा असो की भाड्याचा, हा दोष दोघांनाही लागू आहे.

इथे मला आमच्या शहराचं पाणी आठवतं. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केलं. त्यानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, मुसीवर उस्मानसागर आणि ईसी नदीवर हिमायतसागर बांधले गेले. उस्मानसागर म्हणजेच गंडिपेट. ज्याने गंडिपेटचं पाणी प्यायलं तो हैदराबाद सोडत नाही, असं इथले जुने लोक अजून म्हणतात. ते पाणी शहराबाहेर अडवून, गाळून नळाने घरोघर पोचवलं गेलं. पाणी गाळायची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली असती तर पैसेवाल्यांनी गाळलं असतं आणि बाकीचे आजारी पडले असते. त्यांच्या आजारातून पैसेवालेही सुटले नसते. संगणकाचंही असंच आहे. झेरॉक्सच्या दुकानातलं एक आजारी मशीन दिवसाला पन्नास-साठ पेन ड्राइव्ह दूषित करायचं. त्यामुळे 'ज्याला हवा त्याने अँटिव्हायरस विकत घ्यावा' हे म्हणणं मला कधीच पटलं नाही. गाळणं उगमाशीच हवं.

तरीही आज बरकतपुऱ्यातल्या बहुतेक घरांत नळाला आरओ लावलेलं आहे, माझ्याही. नळाच्या पाण्यावर पुरता भरवसा नाही म्हणून. आणि आरओ विकणाऱ्याला नळाचं पाणी अगदी शुद्ध व्हावं असं मनापासून वाटत असेल असंही नाही. सरकारी पाणीपुरवठा असावा आणि घरात गाळणं लावायची मोकळीकही असावी, यात विरोध काहीच नाही. उद्या पाणीपुरवठा करणाऱ्या खात्यानेच महागडी आरओ यंत्रं विकायला काढली तर मात्र आपण भुवया उंचावू. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे. घरगुती डिफेंडर फुकट, पण कंपन्यांना विकायच्या सुरक्षेचा तिचा धंदा वर्षाला वीस अब्ज डॉलरांच्या पुढे गेल्याचं कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं. ज्याचं घर गळतं त्यानेच ताडपत्री विकायची, असा हा प्रकार आहे. मे २०२४ मध्ये, अमेरिकी सरकारच्या समितीने मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षेतल्या चुकांवर कडक अहवाल दिल्यानंतर, कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी गेट्सच्या पत्राची आठवण व्हावी असंच पत्र पुन्हा लिहिलं: सुरक्षितता आधी, बाकी सगळं नंतर. नाडेला इथल्या बेगमपेटच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी आणि कंपनीचं १९९८ पासूनचं विकास केंद्र इथेच, गच्चीबावलीला, त्यामुळे ही बातमी इथे जरा जास्त चघळली गेली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी हैदराबादने या प्रश्नाचा दुसरा चेहरा पाहिला. १९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने विंडोजवरच्या आपल्या पहारेकऱ्याला एक छोटं अपडेट पाठवलं. त्यात चूक होती. हा पहारेकरी सिस्टिमच्या गाभ्यात बसलेला, त्यामुळे तो कोसळला तशी सिस्टिमही कोसळली. निळा पडदा, पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ८५ लाख मशीनं आडवी झाली होती. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाला इंडिगोने हाताने लिहिलेला बोर्डिंग पास दिला. त्याने त्याचा फोटो टाकला आणि तो जगभर फिरला. शमशाबादच्या चकचकीत विमानतळावर निळ्या बॉलपेनाने लिहिलेली गेट आणि आसनाची नोंद. मला ते पाहून आमच्या काचीगुडा स्टेशनच्या जुन्या तिकीट खिडकीची आठवण झाली.

हा प्रसंग 'बाहेरचा पहारेकरी नको, घरचाच हवा' याचा पुरावा म्हणून लगेच वापरला गेला. तो तेवढा सरळ नाही. इतर कंपन्यांना गाभ्यात का येऊ दिलं, असं विचारल्यावर मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये युरोपीय आयोगाशी झालेल्या कराराकडे बोट दाखवलं: स्वतःच्या सुरक्षा प्रोग्रामांना जी वाट, तीच इतरांना द्यायची. पण कराराचा अर्थ असा नाही की सगळ्यांना गाभ्यातच बसवा. मायक्रोसॉफ्टने आपल्या पहारेकऱ्यालाही गाभ्याबाहेर आणून सगळ्यांना बाहेरच्या ओसरीवर सारखी जागा दिली असती तरी करार पाळला गेला असता. ॲपलने २०१९ पासून मॅकमध्ये अशी ओसरी बांधायला घेतली होती. मायक्रोसॉफ्टने ती वाट क्राउडस्ट्राइकनंतर धरली. मला हा उपाय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: भिंत एकाची, पहारेकरी अनेक, आणि भिंतीत बसायची परवानगी कुणालाच नाही.

मॅक आणि लिनक्सवाल्यांचा एक वेगळा अभिमान असतो. आमचं घरच इतकं पक्कं की पहारेकरी लागतच नाही. त्यात तथ्य आहे. युनिक्सच्या घराण्यात सामान्य वापरकर्त्याला सिस्टिमच्या फायलींना हात लावता येत नाही, हा नियम पहिल्यापासूनचा. विंडोजने सामान्य घरगुती वापरात तो २००७ च्या व्हिस्टात, परवानगी विचारून विचारून वीट आणत, आणला. तरी ॲपलने २००९ मध्येच मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट नावाची चोरांची यादी गुपचूप बसवली होती, आणि २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या दुष्ट प्रोग्रामने सुमारे सहा लाख मॅक पकडले तेव्हा उरलासुरला अभिमान ओसरला. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोज सोडून उबुंटूवर आधारित 'माया' ही सिस्टिम घेतली, तिच्यासोबतही 'चक्रव्यूह' नावाची वेगळी सुरक्षा जोडावी लागली. पक्क्या घरालाही कडी लागतेच.

आणि कडी कितीही चांगली असली तरी ती घातली पाहिजे. १२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, ज्या भोकातून प्रवेश केला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने मिळूनही जगभरची कार्यालयं, शेजारच्या आंध्र प्रदेशातल्या पोलिसांची काही मशीनं धरून, उघडीच राहिली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० मध्ये रॅन्समवेअरला फायली बदलू न देणारी सोय आली, पण ती बंद ठेवून. चालू केली तर काही जुने प्रोग्राम अडतात म्हणून. ज्याला ही सोय सेटिंग्जमध्ये शोधून काढता येते, त्याला तिची गरज सगळ्यात कमी असते. २०१९ च्या मे महिन्यात तेलंगण आणि आंध्रच्या वीज वितरण कंपन्यांच्या संकेतस्थळांवर रॅन्समवेअर आला तो याच काळातला. कॉसमॉस बँकेचं मात्र वेगळं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या या बँकेचे दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त गेले. तिथे चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेचीच नक्कल उभी केली होती. तसल्या ठरवून केलेल्या दरोड्यापुढे खिडकीच्या कड्यांची चर्चा अपुरी पडते, म्हणून तो प्रसंग या वादात ओढू नये असं माझं मत आहे.

आता पेन ड्राइव्ह मागे पडला. बरकतपुऱ्यातल्या पेन्शनरांच्या खिशात आज फोन आहे आणि व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, वाहतुकीचा दंड, पीएम किसानची यादी अशा नावांनी एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फायली येतात. त्यातली एखादी बसवली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, ओटीपी वाचते आणि खातं रिकामं करते. अँड्रॉइडची भिंत मुळात चांगली आहे, एक ॲप दुसऱ्याच्या घरात शिरू शकत नाही. पण परवानगी माणूसच देतो, आणि माणसाला पत्रिका बघायची असते. दिव्यांगांसाठी केलेली ॲक्सेसिबिलिटीची सोयही चोरांनी अशीच वापरली. गुगलने २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये बाहेरून बसवलेल्या ॲपना ती सहज मिळू नये अशी अट घातली, आणि २०२४ मध्ये प्ले प्रोटेक्ट या फोनमधल्याच पहारेकऱ्यामार्फत भारतात प्रायोगिक पातळीवर बाहेरून आलेल्या, एसएमएससारख्या नाजूक परवानग्या मागणाऱ्या ॲपना बसण्याआधीच अडवायला सुरुवात केली.

इथे जुना वाद नव्या कपड्यात परत येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडवरच्या मक्तेदारीबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, आणि बाहेरून ॲप बसवण्यावर बंधनं घालू नका असाही आदेश दिला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. म्हणजे जी वाट खुली ठेवा असं आयोग म्हणत होता, त्याच वाटेने पत्रिकेची एपीके येते. आयोगाला चूक म्हणता येत नाही: 'सुरक्षिततेसाठी' म्हणत आपल्याच दुकानाबाहेरचे सगळे रस्ते बंद करणं कुठल्याही दुकानदाराला सोयीचं असतं. पण पासष्टीच्या माणसाचं खातं रिकामं झालं की स्पर्धेचं तत्त्व त्याला समजावून सांगता येत नाही. माझा कल इथे गुगलच्या बाजूने थोडा झुकतो. वाट खुली राहो, पण अनोळखी ॲपला एसएमएस वाचायची परवानगी एका बोटाच्या अंतरावर असता कामा नये.

सरकारने स्वतः पहारेकरी व्हावं का? त्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि एक इथलाच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालं, तेव्हा पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली काही साधनं लोकांना फुकट मिळाली. फोनसाठीचं 'एम-कवच' हैदराबादच्या सी-डॅकमधलं. पेन ड्राइव्ह ताब्यात ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' होतं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं 'ॲपसंविद': यादीत असलेलेच प्रोग्राम चालवायचे, बाकीचे नाही. चोरांचे फोटो जमवण्यापेक्षा घरच्यांचे फोटो ठेवणं सोपं. झेरॉक्सच्या दुकानात लागतात किती प्रोग्राम? दहा-बारा. पण आमच्या गल्लीतल्या एकाही दुकानात मी ते पाहिलेलं नाही. वेगळं उतरवून घ्यावं लागणारं संरक्षण, मग ते सरकारी असो, खाजगी असो, ज्याला ठाऊक आहे त्याच्यापर्यंतच पोचतं. उलट २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने 'संचार साथी' सगळ्या नव्या फोनांत आधीच बसवायचा आदेश काढला, तेव्हा खाजगीपणावरून इतका गदारोळ झाला की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. आत काय बसवलं जातं हे महत्त्वाचं आहेच, ते कोण बसवतो आणि काढता येतं का, हेही लोकांनी विचारलं, ते बरंच झालं.

तेव्हा संरक्षण आत असावं की नसावं, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. असावं, फुकट असावं, पहिल्यापासून चालू असावं, आणि काढून दुसरं लावता यावं. क्विक हीलसारख्या कंपन्यांना यात जागा राहील, फक्त ती घरगुती मशीनपेक्षा बँकांत, कारखान्यांत, रुग्णालयांत जास्त असेल. पुण्याच्या त्या कंपनीनेही संस्थांसाठी 'सेकराइट' ही वेगळी शाखा काढून ते ओळखलेलं दिसतं.

न मिटलेला प्रश्न मुदतीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग हवा, ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर हवा. सीटीसीत जोडलेली आणि अजून ठणठणीत असलेली असंख्य मशीनं त्यात बसत नाहीत. डिफेंडरला चोरांच्या नव्या याद्या पुढेही मिळत राहतील, भिंतीतली नवी भोकं मात्र बुजणार नाहीत. एक वर्षाची वाढीव सोय मायक्रोसॉफ्टने दिली, तीस डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंग्जचा बॅकअप घेतला तर फुकट. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन विकणाऱ्यांना विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक केलं आहे, आणि डिसेंबर २०२७ पासून इतर डिजिटल वस्तूंनाही अशाच अटी लागू होतील. पाच वर्षंही कमीच आहेत असं मी म्हणेन. आपल्याकडे फ्रिज पंधरा वर्षं चालतो आणि माणसाला संगणकही तसाच चालवायचा असतो. ज्याने भिंत बांधून विकली त्याने ती मशीन जिवंत असेतोवर बुजवत राहावी, ही मागणी आपल्या ग्राहक चळवळीने लावून धरायला हवी.

तुमच्या घरी विंडोज १० असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ती वाढीव नोंदणी दिसते. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच कामाची आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयासमोरच्या त्याच दुकानदाराला मागच्या आठवड्यात बसून ती करून दिली, दहा मिनिटं लागली. त्याच्याकडे तीन मशीनं आहेत. एकावर झाली. बाकी दोन मशीनांसमोर गिऱ्हाईक बसलेलं होतं, म्हणून राहिली.